पार्लरचा कोर्स: फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे पालक येतात. गुणपत्रिका हातात असते आणि प्रश्न ठरलेला असतो, "सर, मुलीला पुढं काय लावावं?" गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक जोडप्रश्न आला आहे. "ती म्हणते पार्लरचा कोर्स करते. करू द्यावा का?"

या प्रश्नाला आपल्या मोहल्ल्यात साधारण दोनच उत्तरे मिळतात. एक, "छे, आपल्या घरातल्या मुलीनं ही कामं करायची?" दुसरे, "करू दे की, निकाह होईपर्यंत वेळ तरी जाईल." पहिले उत्तर नकार देते, दुसरे होकार देते, पण मुलीच्या कामाला दोन्ही उत्तरे हलके समजतात. म्हणून होकार मिळाला तरी पुढचा खरा प्रश्न कुणी विचारत नाही: कोणता कोर्स, कुठे, किती तासांचा आणि त्याचा कागद उद्या कुठे चालणार? डॉक्टरकीला किंवा डीएडला प्रवेश घेताना आपण दहा जणांना विचारतो. इथे मात्र चौकातला फलक पाहून पन्नास-साठ हजार रुपये भरून मोकळे होतो. अनेक घरांत ही रक्कम अम्मीच्या बांगड्या मोडून किंवा भिशी उचलून उभी केलेली असते.

हा लेख म्हणूनच लिहीत आहोत. मुलीने हा कोर्स करावाच, असे आमचे म्हणणे नाही. करायचा असेल तर एखाद्या धंद्याचे शिक्षण म्हणून, डोळे उघडे ठेवून करावा, एवढेच सांगायचे आहे.

हे काम हलके नाही

नवरीला सजवणाऱ्या बाईसाठी उर्दूत 'मश्शाता' असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या समाजाकडे कामासाठी शब्द असतो, त्याच्याकडे ते काम पूर्वीपासून असते. मेअराजच्या वयानात फिरऔनच्या मुलीचे केस विंचरणाऱ्या इमानदार बाईचा किस्सा आपण ऐकलेला आहे. केस विंचरणे हीच तिची रोजी होती, आणि त्यामुळे तिचा दर्जा कमी झाला नाही. आपल्या काळातले उदाहरण हवे असेल तर शहनाज हुसैन यांचे घ्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत राहत्या घरातून त्यांनी काम सुरू केले आणि २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक मुलगी शहनाज हुसैन होणार नाही, आणि व्हायला हवे असेही नाही. तालुक्याच्या गावी घराच्या पुढच्या खोलीत चार खुर्च्या मांडून इज्जतीने घर चालवणारी बाईही तेवढीच यशस्वी आहे.

आपल्या समाजात या कामाला एक जास्तीचे कारणही आहे. आपल्या अनेक भगिनी पुरुष कर्मचारी असलेल्या सलूनमध्ये जात नाहीत. त्यांना पर्द्याची सोय असलेली, फक्त बायकांची जागा हवी असते. ती सोय दुसरी बाईच करू शकते.

आधी शब्द समजून घ्या

जाहिरातीत ब्युटीशियन, मेकअप आर्टिस्ट, हेअर स्टायलिस्ट, कॉस्मेटॉलॉजिस्ट हे सगळे शब्द एकाच पंक्तीत बसवलेले असतात. पण प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

ब्युटीशियनचे काम म्हणजे थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीनअप, फेशियल, मॅनिक्युअर, पेडिक्युअर. हे रोजचे काम आहे आणि गिऱ्हाईक महिन्याला परत येते. हेअर स्टायलिस्टचे काम केस कापणे, रंगवणे, सरळ करणे, केशरचना करणे. हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो. मेकअप आर्टिस्टचे काम मुख्यतः लग्नाचे. एका दिवसात मोठी रक्कम मिळते, पण ते दिवस मोजके असतात. कॉस्मेटॉलॉजी म्हणजे या सगळ्यांचा एकत्र पाया, त्यात त्वचेची व केसांची रचना, स्वच्छता आणि वापरायच्या रसायनांची माहितीही येते.

आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणजे त्वचारोगाची डॉक्टर नव्हे. लेझर, बोटॉक्स, फिलरची इंजेक्शने, केसांचे प्रत्यारोपण हे वैद्यकीय उपचार आहेत. 'तीन महिन्यांत लेझर आणि बोटॉक्स शिका' असे सांगणारी संस्था तुमच्या मुलीला अशा कामात ढकलत आहे, जे करण्याचा तिला अधिकारच नाही. गिऱ्हाइकाला इजा झाली तर पोलीस ठाण्याची पायरी तिला चढावी लागेल, संस्थेच्या मालकाला नव्हे.

कुठे शिकता येते

पहिले ठिकाण सरकारी आयटीआय. आयटीआय म्हटले की आपल्याला फिटर आणि वायरमन आठवतात, पण तिथे 'कॉस्मेटॉलॉजी' नावाचा एक वर्षाचा ट्रेडही आहे. पात्रता दहावी उत्तीर्ण. वर्षाचा अभ्यासक्रम १२०० तासांचा असून त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, जे देशभर चालते. सरकारी संस्थेची फी खाजगी अकादमीच्या मानाने अगदी किरकोळ असते. राज्यात मुलींच्या स्वतंत्र आयटीआयही आहेत, त्यामुळे ज्या घरात सहशिक्षणाची अडचण वाटते त्यांनाही मार्ग आहे. मात्र हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो आणि एका तुकडीत २४च जागा असतात. म्हणून दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन अर्ज सुरू होताच भरावा, 'बघू नंतर' म्हणू नये. पुढे याच विषयात शिक्षिका व्हायचे असेल तर आयटीआयनंतर निदेशकांसाठीचा एक वर्षाचा प्रशिक्षण अभ्यासक्रमही आहे. आमच्या मते हुशार मुलीसाठी हा फार चांगला आणि फार दुर्लक्षित रस्ता आहे.

दुसरे ठिकाण जन शिक्षण संस्थान. ज्या मुलींची शाळा सुटली आहे, त्यांच्यासाठी ही संस्था आहे. याची सुरुवात १९६७ साली मुंबईत वरळीला 'श्रमिक विद्यापीठ' या नावाने झाली. आता ती केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाखाली अनेक जिल्ह्यांत चालते. १५ ते ४५ वयापर्यंत प्रवेश मिळतो, निरक्षर बाईलाही मिळतो. ब्युटी केअरचे वर्ग अनेकदा वस्तीतच भरतात. मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस मुली तयार असतील तर संस्थेला भेटून आपल्या शादीखान्यात किंवा शाळेत वर्ग मागता येतो.

तिसरे ठिकाण आरसेटी, म्हणजे बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ग्रामीण बेरोजगारांना इथे मोफत शिकवतात, राहण्या-जेवणाची सोयही असते. पार्लरचा वर्ग साधारण महिनाभराचा असतो. महिनाभरात हात तयार होत नाही हे खरे, पण हिशेब ठेवणे, बँकेशी बोलणे, धंदा मांडणे हे इथे चांगले शिकवतात. थोडेफार काम आधीच येत असलेल्या बाईने इथे जरूर जावे.

चौथे, ज्यांची दहावीच अर्धवट राहिली आहे, त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे म्हणजे एनआयओएसकडे पाहावे. दहावी उर्दू माध्यमातूनही देता येते. आमचा आग्रह असा, की कोर्स कोणताही करा, पण दहावी सोडू नका. का, ते पुढे परदेशाच्या मुद्द्यात येईल.

पाचवे, खाजगी अकादमी. यात मोठ्या कंपन्यांच्या साखळी संस्था आहेत, अनुभवी बायकांनी चालवलेले छोटे वर्ग आहेत आणि निव्वळ फी गोळा करणारी दुकानेही आहेत. चांगल्या अकादमीत यंत्रे नवी असतात, सध्या चालणारी फॅशन शिकायला मिळते, वेळ सोयीची असते. काही संस्था 'सिडेस्को'सारखी आंतरराष्ट्रीय पदविका देतात. सिडेस्को ही १९४६ साली ब्रसेल्समध्ये स्थापन झालेली आणि आता झुरिचमधून चालणारी संस्था आहे. ही पदविका महागडी असते. मोठ्या शहरातल्या स्पामध्ये किंवा परदेशात काम करायचे नक्की असेल तरच तिचा विचार करावा. गावात पार्लर टाकणाऱ्या मुलीला तो खर्च भरून निघायला फार वर्षे लागतील.

फी भरण्याआधी सहा प्रश्न

अकादमीत गेल्यावर तिथल्या मॅडम तुम्हाला आरसे, दिवे आणि फोटोंचे अल्बम दाखवतील. ते पाहून झाले की वही काढा आणि हे विचारा.

एक. एकूण तास किती आणि त्यातले माझ्या मुलीच्या हातचे किती? 'तीन महिने' हे उत्तर नव्हे. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस, तर तीन महिन्यांत साधारण १२० तास होतात. त्यातले अर्धे जर मॅडमचे काम बघण्यात गेले तर हातचे ६०. आयटीआयचे प्रात्यक्षिकाचे ८४० तास शेजारी मांडा, म्हणजे फरक कळेल. शिवाय काम कुणावर करायला मिळते? डमीवर, एकमेकींवर की खऱ्या गिऱ्हाइकावर?

दोन. प्रमाणपत्र कोण देणार? संस्थेने स्वतः छापलेला कागद आणि एनसीव्हीईटीची मान्यता असलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र, यात फरक आहे. 'सरकारमान्य', 'आयएसओ प्रमाणित' असे शब्द फलकावर लिहायला फारसे काही लागत नाही. आयएसओचा शिक्का संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीवर असतो, मुलीच्या कौशल्यावर नसतो. मागच्या तुकडीतल्या मुलीचे प्रमाणपत्र दाखवायला सांगा. त्यावर कौशल्य भारतचा क्यूआर कोड असेल तर तिथेच मोबाइलने तपासा.

तीन. शिकवणार कोण? उद्घाटनाला ज्यांचा फोटो असतो त्या मॅडम वर्गावर असतीलच असे नाही. अनेक ठिकाणी मागच्या वर्षीची विद्यार्थिनीच या वर्षी शिकवत असते. एक दिवस वर्गात बसू द्या, असे सांगा. जी संस्था नाही म्हणेल, तिचे उत्तर तुम्हाला मिळाले.

चार. फीत काय काय आले? किट, गणवेश, परीक्षा फी, १८ टक्के जीएसटी हे धरून की सोडून? किट कोणत्या कंपनीचे, आणि बाहेर तेच सामान कितीला मिळते?

पाच. मधेच सोडावे लागले तर? घरात आजारपण आले, निकाह ठरला, तर पैसे परत मिळणार की पुढच्या तुकडीत बसता येणार? हे लेखी घ्या. आणि हप्त्यांचा कागद नीट वाचा. 'बिनव्याजी हप्ते' म्हणून जे सांगतात ते पुष्कळदा एखाद्या फायनान्स कंपनीचे कर्ज असते, अब्बांच्या नावावर असते, आणि मुलीने वर्ग सोडला तरी हप्ता सुटत नाही.

सहा. मागच्या तुकडीतल्या मुली आज कुठे आहेत? 'शंभर टक्के नोकरी' या आश्वासनावर जाऊ नका. तीन मुलींचे नंबर मागा, फोन करा, पगार विचारा, कामाचे तास विचारा.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने हे न विचारता एका अकादमीत मोठी फी भरली होती. सहा महिन्यांनी तिच्याकडे सुंदर फ्रेममधले प्रमाणपत्र होते, पण सलूनमध्ये 'केस कापून दाखव' म्हटल्यावर तिचा हात थरथरला, कारण तिथे तिने केस कापले होते ते फक्त डमीचे आणि तेही दोनदा. पुढे तिने एका पार्लरमध्ये वर्षभर मदतनीस म्हणून काम केले आणि तिथेच खरे शिकली. आज तिचे काम चांगले आहे, अलहम्दुलिल्लाह. पण ते शिक्षण तिला फी न देता, उलट थोडा पगार घेऊन मिळाले.

कमाईचा खरा हिशेब

जाहिरातीत एका नवरीच्या मेकअपचा आकडा लिहितात आणि त्याला तीसने गुणून दाखवतात. धंदा असा चालत नाही. आपण गणित मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या गावचे भाव त्यात घालून पाहावेत.

समजा फी ६०,००० रुपये. कोर्सनंतर मुलगी मदतनीस म्हणून लागली, पगार ८,००० आणि जाण्यायेण्याचा खर्च १,५००. हातात राहिले ६,५००. म्हणजे नुसती फी निघायलाच सव्वानऊ महिने. यात वाईट काही नाही, पण हे आधी माहीत असावे. पहिले वर्ष-दीड वर्ष शिकण्याचेच असते.

आता घरचे पार्लर घेऊ. समजा रोज सरासरी सहा गिऱ्हाइके आणि प्रत्येकी १२० रुपये. दिवसाचे ७२०, पंचवीस दिवसांचे १८,०००. त्यातले चौथाई म्हणजे ४,५०० सामानाचे, वीज-पाणी व इतर खर्च १,५००. उरले १२,०००. घरी राहून, मुलांची शाळा सांभाळून ही रक्कम चांगली आहे. पण रोज सहा गिऱ्हाइके यायला वेळ लागतो आणि ती वर्षभर सारखी येत नाहीत.

आपल्या वस्तीतल्या पार्लरचा हंगाम चंद्रावर चालतो, हे लक्षात ठेवा. रमजानचे पहिले वीस दिवस शांत, शेवटचे दहा दिवस गर्दी आणि चाँदरातीला उसंत नाही. मोहर्रममध्ये लग्ने जवळजवळ थांबतात. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून हा हंगाम दरवर्षी मागे सरकतो. दुसरीकडे हिंदू भगिनींची लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि चातुर्मासात थांबते. ज्या पार्लरमध्ये दोन्ही समाजांच्या बायका येतात, तिथे एक हंगाम थंड असताना दुसरा आधार देतो. म्हणून मेंदी आणि शराऱ्याबरोबर नऊवारी नेसवणे, खोपा घालणेही शिकून घ्यावे.

पुढचे रस्ते अनेक आहेत. सलूनमध्ये वरिष्ठ कारागीर, सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या काउंटरवर सल्लागार, स्पा थेरपिस्ट, प्रशिक्षिका. शहरांत मोबाइल ॲपवरून घरपोच सेवाही सुरू झाली आहे. २०१४ साली 'अर्बनक्लॅप' नावाने निघालेली 'अर्बन कंपनी' त्यातली माहितीतली. यात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, पण कंपनी आपला वाटा कापते, सामान तिच्या नियमाने घ्यावे लागते आणि अनोळखी घरात जावे लागते. घरच्यांनी एकत्र बसून, मुलीचे मत विचारून, मग ठरवावे.

दीनच्या मर्यादा आणि कामाची सोय

आपल्या वाचकांच्या मनात हा प्रश्न असतोच, म्हणून तो टाळत नाही. केसांना दुसऱ्याचे केस जोडणे, अंगावर गोंदणे, भुवया उपटून कोरणे, दातांत फटी पाडणे यांना हदीसमध्ये सक्त मनाई आली आहे. चेहऱ्यावर उगवलेले मिशी-दाढीसारखे केस स्त्रीने काढण्यास मात्र अनेक उलमांनी हरकत घेतलेली नाही. तपशिलात मतभेद आहेत. आम्ही मुफ्ती नाही, तेव्हा आपल्या विश्वासातल्या आलिमांना कोर्स सुरू करण्यापूर्वीच विचारावे. अभ्यासक्रमात भुवयांचे थ्रेडिंग असते, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

आमचा अनुभव असा, की या मर्यादा पाळूनही काम पुरेसे उरते. केस कापणे, तेलमालिश, हेअर स्पा, फेशियल, हातापायांची निगा, मेंदी, नवरीची तयारी. जे करायचे नाही ते दरपत्रकावरच लिहू नये, म्हणजे गिऱ्हाइकाशी वाद होत नाही. बाईसमोर बाईचेही सतर असते, तेव्हा कोणते वॅक्सिंग घ्यायचे आणि कोणते नाही, हेही आधीच ठरवावे. नवरीला मेकअपपूर्वी वजू करून यायला सांगावे आणि नखांना रंग लावण्याआधी नमाजचे विचारावे. छोट्या गोष्टी आहेत, पण अशा पार्लरचे नाव घरोघर होते.

पर्द्याचा नियम कडक हवा. आत मोबाइल काढायचा नाही, फोटो गिऱ्हाइकाच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचा नाही. शिकताना संस्थेतही हेच पाहावे: कॅमेरे कुठे आहेत, सरावासाठी स्त्री-पुरुष एकत्र असतात का, उमेदवारीला कोणत्या सलूनमध्ये पाठवतात.

गोरेपणाचा धोका

एका बाबतीत मुलीला पहिल्या दिवसापासून बजावून ठेवा. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबातील मायलेकींना गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. ते क्रीम ब्युटीशियनकडून घेतलेले होते आणि तपासणीत त्यात पारा निघाला. पारा त्वचेतला रंग तयार होणे थांबवतो म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो त्वचेतून शरीरात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे क्रीममध्ये पारा घालण्यास बंदी आहे. दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. आठवड्यात चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, केस उगवतात. ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

म्हणून बिनलेबलची, डबीत भरलेली 'फॉर्म्युला क्रीम' कधीही विकायची नाही. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची शेवटची तारीख आणि घटकांची यादी नसेल तर माल परत. केसांचा रंग लावण्यापूर्वी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा लावून ४८ तास थांबावे. 'काळी मेंदी' टाळावी, तिच्यात अनेकदा केसांच्या रंगातलेच रसायन असते आणि कातडी भाजल्यासारखी होते.

इथे शाळेतले विज्ञान उपयोगी पडते. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साबण अल्कधर्मी. ज्या मुलीला पीएच म्हणजे काय हे कळते, तिला फेसवॉश आणि साबण यांतला फरक गिऱ्हाइकाला सांगता येतो. उर्दू माध्यमातल्या मुलींनी इंग्रजी शब्दांना घाबरू नये. वहीत तीन रकाने करावेत, इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, उर्दू अर्थ. रोज दहा शब्द लिहिले तर दोन महिन्यांत अख्खा अभ्यासक्रम आपला होतो.

भांडवल आणि व्याज

पार्लर टाकायला कर्जाच्या योजना आहेत. मुद्राच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिला आणि अल्पसंख्याक विशेष गटात येतात: स्वतःचा वाटा ५ टक्के, अनुदान शहरी भागात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. पण उरलेली रक्कम बँकेचे कर्ज असते आणि त्यावर व्याज लागते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी लहान सुरुवात करावी. जुनी पण मजबूत खुर्ची, एक मोठा आरसा, वॅक्स हीटर, स्टीमर, उकळून घेता येतील अशी अवजारे, एवढ्यावर काम सुरू होते. जमातीचे बैतुलमाल कर्ज-ए-हसना देत असेल तर जरूर मागावे. आणि बैतुलमालच्या जिम्मेदार मंडळींना आमची विनंती: शिवणयंत्र वाटतो तसा एखाद्या शिकलेल्या मुलीला पार्लरचा संचही देता येतो.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नयेत. कामगार मोजकेच असतील तर दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते.

आखाती देशांत जायचे असेल तर

कोकणातल्या अनेक घरांत आखाती नोकरीचे दार पूर्वीपासून उघडे आहे, आता मुलीही पार्लरच्या कामासाठी विचारतात. इथे दहावीचे महत्त्व येते. दहावी उत्तीर्ण असेल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट राहत नाही. दहावी नसेल तर ती अट लागते, आणि अशा पासपोर्टवर ३० वर्षांखालील स्त्रीला आखाती देशांत नोकरीसाठी परवानगी मिळत नाही. मग एजंट म्हणतो, "व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ." हे ऐकू नका. अशा बाईला तिथे कायद्याचा आधार राहत नाही. एजंट 'ई-मायग्रेट'वर नोंदलेला आहे का पाहा. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

शेवटी

पालकांना एकच सांगणे. फी भरण्याआधी मुलीला चांगल्या पार्लरमध्ये महिनाभर बसवा, झाडू मारायला आणि टॉवेल धुवायलासुद्धा. दिवसभर उभे राहणे, परक्या बाईचे पाय हातात घेणे, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी गोड बोलणे तिला जमते का, आवडते का, हे महिन्यात कळेल. जमले तर आधी जवळच्या सरकारी आयटीआयची यादी पाहा, मग जन शिक्षण संस्थान, मग खाजगी अकादमी. आणि एकदा शिकवले की तिचे काम निकाहाच्या दिवशी संपणार असे धरू नका. स्थळ पाहताना जसे मुलाच्या नोकरीचे बोलता, तसे मुलीच्या कामाचेही मोकळेपणी बोला. तिने ८४० तास घालवून हात तयार केला असेल, तर तो हात पुढेही चालू राहावा, याची सोय त्या बैठकीतच व्हायला हवी.